एकोणीस दूर्वा

चहाच्या पिशवीचे चार भाग असतात हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी एका बाईंनी शिकवलं, आणि तेव्हापासून आजतागायत मी सुखाने चहा प्यायलेली नाही. आतला चोथा गांडुळांना. कागदी पिशवी फाडून कंपोस्टमध्ये. दोरा आणि चिठ्ठी वेगळी. आणि चिठ्ठीला दोरा टोचणारी ती तांदळाएवढी पिन काचेच्या बरणीत. ती बरणी बाईंच्या टेबलावर असायची आणि तीन सीझनमध्ये ती निम्मी भरली होती. "लोखंड आहे ते. गांडुळाच्या पोटात गेलं तर?" असं त्या विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यायचं?

हे सगळं घडलं व्हिक्टोरियातल्या एका स्की रिसॉर्टवर, मेलबर्नहून बसने साडेचार तासांवर, जिथे लोक मजा करायला येतात. मी मजा करायला गेले नव्हते. ते दिवस कुकरीच्या कोर्सचे होते. पुण्यामुंबईची, पंजाबची, आंध्रची तरुण मंडळी तेव्हा घाऊक भावात मेलबर्नला येऊन कांदा चिरायला शिकत होती. मी चिंचवडची, बी.कॉम. झालेली. घरी आईने मला साधी फोडणी करू दिली नव्हती, आणि इथे मी पांढरा कोट घालून सॉस ढवळत होते. पी.आर.साठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, कोर्सबरोबर किचनमधल्या कामाचे नऊशे तास लागायचे आणि ते झाल्याचं सहीचं पत्र. मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या एका युनिटमध्ये आम्ही पाच जणी राहायचो आणि उठल्यापासून एकच विषय, तुझे किती झाले? पत्रं 'मॅनेज' करून मिळतात अशी कुजबुजही असायची. माझे चारशे एका कॅफेत झाले, मग मालकाला त्याचा भाचा आठवला. उरलेले पाचशे मिळवायला मी डोंगरावरच्या एका लॉजमध्ये गेले. ते सीझन संपेपर्यंत झाले नाहीत तर व्हिसा संपत होता आणि चिंचवडला आईने एक स्थळ अगदी तयार ठेवलं होतं.

लॉजचा नियम असा की किचनमधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाने रोज दोन तास पर्यावरण विभागाला द्यायचे. पर्यावरण विभाग म्हणजे बाई. दुसरं कोणी नव्हतं. आणि दोन्हीकडे काम म्हणून माझ्या पत्रावर शेफच्या सहीबरोबर त्यांचीही सही लागणार होती.

पहिल्या दिवशी मी लॉजच्या दारात पोचले तर पाच फुटांची, दोन स्वेटर आणि त्यावर पुरुषी जाकीट घातलेली, साठीला टेकलेली एक बाई पायरीवर बसलेली. माझ्या बॅगेवरचं नाव आणि पत्ता तिने वाचला.

"मराठी का?"

परक्या मुलखात आपली भाषा ऐकून मला इतका आनंद झाला की मी वाकून नमस्कारच करणार होते. म्हटलं, "हो काकू!"

"मी कोणाची काकू नाही. बूट वर कर."

मग त्यांनी ब्रशने माझ्या बुटांचे तळवे घासले, त्यातून निघालेली माती पांढऱ्या बशीत घेतली आणि भिंगातून बघितली. दोन बिया सापडल्या. त्या त्यांनी औषधाच्या रिकाम्या डबीत टाकल्या आणि डबीवर लिहिलं, 'क्लेटन, उजवा बूट'. मी दमलेली, भुकेलेली, थंडीने कुडकुडत एका पायावर उभी. "डोंगरावर खालचं बी येता कामा नये," एवढंच स्पष्टीकरण. ही गंमत रोज होती. गावात जाऊन आलं की घास, बसस्टॉपपर्यंत गेलं तरी घास.

बाई कोल्हापूरला कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. नवऱ्याबरोबर मेलबर्नला आल्या. तो खाली शहरात सुखाने राहत होता आणि त्या दर हिवाळ्यात वर येऊन आमचा जीव काढत होत्या. ऑस्ट्रेलियन लोक त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचे. मी आणि डोंगरावरचा कोणीही देशी पोरगा बाईच म्हणायचो. स्कीवर त्या आयुष्यात उभ्या राहिल्या नव्हत्या. "वर चढायला मशीन आणि खाली यायला घसरगुंडी. मग व्यायाम कसला?" असं त्यांचं मत होतं आणि ते त्या स्की-इन्स्ट्रक्टरांनाही ऐकवायच्या.

भांडी घासायच्या सिंकपाशी त्यांनी वजनकाटा ठेवला होता. प्रत्येक ताटातलं उष्टं त्यावर पडायचं आणि आकडा पाटीवर लिहायचा. मग ती पाटी कुठे लावायची? पाहुण्यांच्या डायनिंग हॉलमध्ये! 'काल तुम्ही एवढे बटाटे टाकले.' मॅनेजर ती काढायचा, बाई परत लावायच्या. कचऱ्याच्या पिशव्या त्या टेबलावर उपड्या करायच्या आणि मला शेजारी उभं करून एकेक वस्तू उचलायला लावायच्या. मी नाक दाबून लांबूनच बघायला लागले की त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायचं.

"उभ्याने काही दिसत नाही. बस."

हे वाक्य मी त्या सीझनमध्ये निदान पाचशे वेळा ऐकलं असेल. पाईप गळतोय का? बस. बर्फातून पॉसम नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याची पावलं गेलीत का? बस. आणि स्वतः उणे तापमानात अशा टुणकन उकिडव्या बसायच्या की मला माझ्या चोवीस वर्षांच्या गुडघ्यांची लाज वाटायची.

तेव्हा खाली मेलबर्नमध्ये दुष्काळ होता. बागेला पाणी घालायला बंदी, आंघोळीला चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ. डोंगरावर पाहुण्यांना घड्याळ कोण लावणार, म्हणून ते आम्हाला लावलेलं. बाई बाथरूमच्या दारावर टकटक करून सांगायच्या, "वाळू संपली!" अंगावर साबण असताना हे ऐकण्यासारखा संताप नाही. बर्फ कमी पडला की रिसॉर्टवाले मशीनने बर्फ करायचे, आणि ते करायला लॉजांचं सांडपाणी शुद्ध करून वापरायचे. या योजनेचा बाईंना कोण अभिमान! इतका की एकदा एका सिडनीच्या कुटुंबातला चार-पाच वर्षांचा मुलगा हातमोज्यावर बर्फ घेऊन चाटत होता, त्याची आई कौतुकाने फोटो काढत होती, तिथे आमच्या बाई गेल्या आणि हसून म्हणाल्या, "लव्हली, इझंट इट? लास्ट वीक इट वॉज युअर बाथवॉटर."

मुलाच्या आईचा कॅमेरा तसाच हातात राहिला. बाईंना वाटलं तिला विषयात रस आहे. त्यांनी बाथवॉटरवर थांबायचं ना? नाही. टॉयलेटपर्यंत गेल्या. फिल्टर कसे असतात, किती टप्पे असतात, सगळं सांगितलं. "व्हेरी क्लीन. नो वरीज!" कुटुंबाने दुपारी चेक-आउट केलं. मॅनेजर लालबुंद होऊन आला तेव्हा बाई त्याला म्हणाल्या की खोटं काय सांगितलं ते दाखव. त्याला दाखवता येईना, म्हणून तो माझ्यावर ओरडला, कारण मी शेजारी बादली घेऊन उभी होते. ही लॉजची नोकरी बाईंमुळे जाणार या भीतीने माझी त्या रात्री झोप उडाली.

पण खरा राग आला तो ऑगस्टमध्ये. मी माझ्या तासांची वही सहीला नेली. बाईंनी लाल पेनने रोजचे दोन-दोन तास काटले.

"बाई, हे काय?"

"हे कचऱ्याचे तास. पत्रात काय लिहितात? कुकिंग. तू काय केलंस? गांडुळं सांभाळलीस."

"पण मी कामावर होते ना! सगळीकडे चालतं असं. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

मी विनवणी केली, रडले, व्हिसाचं सांगितलं, त्या स्थळाचंही सांगितलं. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि त्यांनी वही मिटून परत दिली. मी खोलीत जाऊन बेरीज केली. सीझन संपेपर्यंत चाळीस तास कमी पडत होते. मी त्या दिवशी बाईंना मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. खाली क्लेटनमध्ये लोक न केलेल्या तासांची पत्रं मिरवत होते, आणि मी केलेल्या तासांसाठी हात पसरत होते, तेही आपल्या माणसापुढे. शेफकडे गेले तर तो म्हणाला, "सॉरी मेट, प्रोफेसर सही करत नसेल तर मी काय करू?"

आणि मग गणपती आले.

आईने बॅगेत पितळेची बोटभर मूर्ती दिली होती. माझी फ्लॅटमेट नेहा दीड दिवसासाठी क्लेटनहून बसने वर आली. येताना तिने कार्नेशनची फुलं आणली, नारळ आणला, आणि डब्यात ओल्या टिश्यूत गुंडाळून दूर्वा आणल्या. ऑस्ट्रेलियात दूर्वा मिळतात हे तिला कळलं होतं. आमच्या युनिटपुढच्या नेचर स्ट्रिपवर, म्हणजे रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर, त्या भरपूर उगवतात, इथले लोक त्यांना कूच म्हणतात. तिने मोजून एकवीस उपटून आणल्या होत्या. स्टाफरूममधल्या मायक्रोवेव्हवर आम्ही गणपती मांडला. शेफने मोदक बघून "डंपलिंग्ज!" म्हणून शाबासकी दिली. बाई पहिल्या दिवशी खाली गावात मीटिंगला होत्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजेनंतर उगवल्या, नेहाने दिलेले सात मोदक बसल्या जागी खाल्ले आणि भसाड्या आवाजात आरती म्हटली. सगळी. एकही कडवं न गाळता. मला वाटलं चला, आज स्वारी खुशीत आहे, उद्या वहीचा विषय पुन्हा काढावा.

मग त्या मूर्तीकडे बघत म्हणाल्या, "दूर्वा नाही मिळाल्या ना बिचाऱ्याला?"

"मिळाल्या की!" नेहा फुशारकीने म्हणाली. "मी आणल्या ना, क्लेटनहून. एकवीस."

बाईंचा चेहरा बदलला. "मुळासकट?"

"हो... उपटल्या ना."

"कुठे आहेत?"

निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच असतं. कचरा वेगळा करायला बाईंनी ठेवलेल्या पाच डब्यांपैकी कुठलाच डबा निर्माल्याचा नव्हता. म्हणून तासाभरापूर्वी मी ते लॉजमागच्या ओढ्यात, लाकडी पुलावरून, हात जोडून सोडलं होतं. वाहत्या पाण्यात.

मी हे सांगितल्यावर बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. म्हणाल्या, "पोरी, ती दूर्वा आपल्याकडे देवाची. इथे ती तण आहे. तिचा एक सांधा ओल्या मातीत रुतला की ती पसरते. या ओढ्याच्या काठावर जे उगवतं ना, ते जगात दुसरीकडे कुठे उगवत नाही."

"बाई, बर्फात मरेल ती."

"बहुतेक मरेल." त्या उठल्या. "बहुतेक म्हणजे नक्की नाही. एकवीस होत्या ना? एकवीस परत आणायच्या."

आणि आम्ही शोधायला निघालो. म्हणजे मी आणि बाई. नेहाची परतीची बस होती, तिला सुटका मिळाली. बाईंनी किचनमधल्या तीन चाळण्या घेतल्या, पुलाच्या खाली ओढ्यात आडवं मलमलचं कापड बांधलं, आणि मग भुरभुरणाऱ्या बर्फात आम्ही काठाकाठाने सरकत गेलो. फुलं पटापट सापडली. दूर्वा दगडांच्या फटीत, बर्फाच्या कडेला, शेवाळात अडकलेल्या. मी वाकून बघत होते. "उभ्याने काही दिसत नाही. बस." मी बसले. माझी पॅन्ट भिजली, बोटं बधिर झाली, नाकातून पाणी. दिवसभर किचनमध्ये उभं राहून मग हे, आणि याचेही तास धरले जाणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत अकरा मिळाल्या. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

"एकोणीस," बाई म्हणाल्या.

"बाई, आता पुरे. देवाला एकोणीस चालतील."

"देवाचा प्रश्न नाहीये," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी रिपोर्ट लिहायला बसल्या.

तिथल्या नॅशनल पार्कच्या अधिकाऱ्यांना कळवणं नियमाने भाग होतं. रिपोर्ट गेला की मॅनेजर मला काढणार हे उघड होतं. मी बाईंच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, "बाई, तुम्ही माझं आयुष्य बरबाद करताय." अगदी असंच म्हटलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "दार लाव, उष्णता जाते."

रिपोर्ट गेला. मला कोणी काढलं नाही. का, ते कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. उलट दुसऱ्या दिवशी बाईंनी नवीन फतवा काढला. रोज दुपारी चार ते सहा, किचनमध्ये जे उरतं त्यातून स्टाफचं जेवण शिजवायचं. काही फेकायचं नाही. कोण शिजवणार? मी. कचऱ्याची ड्युटी वेगळी, ती आहेच. मला ही शिक्षा वाटली. उकडलेल्या बटाट्यांचं काय करायचं, शिळ्या पावाचं काय करायचं, फ्लॉवरच्या दांड्यांचं काय करायचं! वीस दिवस मी दात-ओठ खात शिजवत होते. पावाचा उपमा केला, दांड्यांची भाजी केली, स्की-लिफ्ट चालवणारे पोरगे ताटं चाटूनपुसून खायचे. बाई चव घ्यायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "मीठ जास्त." पाटीवर उष्ट्याचा आकडा शून्य आला त्या दिवशीही मीठ जास्तच होतं.

शेवटच्या दिवशी बाईंनी पाकीट हातात दिलं. पत्रावर शेफची सही, बाईंची सही, आणि माझे पाचशे तास. मला वाटलं, अखेर द्रवल्या आणि कचऱ्याचे धरले. वही उघडून बघितली तर लाल रेघा जिथल्या तिथे. खाली वीस ओळी नवीन: 'स्टाफ मील, दोन तास.' वीस दुणे चाळीस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

"बाई, तुम्ही आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू माझे उपकार फेडल्यासारखं मन लावून शिजवलं असतंस. हे रागात शिजवलंस, म्हणून जेवण झणझणीत झालं." मग बूट घासायचा ब्रश माझ्या हातात देत म्हणाल्या, "जाताना पण घास."

पुढच्या वर्षी शेफचा फोन आला तेव्हा मला उरलेलं कळलं. रिपोर्टात बाईंनी लिहिलं होतं, 'चूक माझी आहे. मी सगळ्यांचे बूट तपासले, पण माझ्या स्वतःच्या लोकांची पूजा विसरले, जी मला माहीत असायला हवी होती.' कोणाचंही नाव नव्हतं. बाथवॉटरच्या प्रकरणापासून मॅनेजर निमित्तच शोधत होता. त्याने बाईंना पुन्हा बोलावलं नाही. मी खरंच भडकले. इतकी नियमाची बाई, आणि माझी चूक स्वतःवर घेताना तेवढा एक नियम मोडला? मी फोन करून भांडले. त्या म्हणाल्या, "मोडला कुठे? खरंच विसरले मी." मला त्यांच्याशी भांडून कधी जिंकता आलं नाही आणि मला फार, फार वाईट वाटलं.

पी.आर. आली. लग्न झालं, त्या स्थळाशी नाही. सिडनीला आले, स्कोफिल्ड्सला घर घेतलं, हॉस्पिटलच्या किचनची सुपरवायझर झाले. आणि दर वर्षी जानेवारीत एक पोस्टकार्ड येत राहिलं. बर्फ वितळल्यावर बाई स्वतः बसने वर जायच्या, नोकरी नसताना, कोणी सांगितलेलं नसताना, आणि त्या ओढ्याचा काठ बघायच्या. कार्डावर पत्ता सोडून दोन शब्द असायचे: 'उगवल्या नाहीत.' कधी खुशाली नाही, कधी आशीर्वाद नाही. पुढे फोनवर मेसेज यायला लागले, शब्द तेच. सतरा वर्षं. दर वर्षी वाचून मी म्हणायचे, ही बाई मला मरेपर्यंत सोडणार नाही.

या वर्षी मेसेज वेगळा होता. 'गुडघे गेले. डॉक्टर डोंगराला नको म्हणतात. या वर्षी तू बघ.'

मी नवऱ्यासमोर तासभर चिडचिड केली. सात तासांचा ड्राइव्ह, ऐन सुट्टीत, दोन गवताच्या काड्यांसाठी! मग शनिवारी मुलांना गाडीत घातलं. वरच्या कारपार्कला पोचल्यावर मी आधी सगळ्यांचे बूट घासले. मुलगी म्हणाली, "मम, यू आर बीइंग सो वीअर्ड." मुलगा म्हणाला, "इट्स जस्ट ग्रास." मी म्हटलं, "गप्प बस आणि पाय वर कर."

लाकडी पूल नवीन झाला होता, ओढा तोच. काठावर पिवळी-पांढरी फुलं आली होती. मी पुलापासून खालच्या वळणापर्यंत गेले, परत आले. दूर्वा कुठे दिसली नाही. कंबर धरली होती, ऊन लागत होतं, मुलांची भुणभुण सुरू झाली होती. गाडीत बसून मी मेसेज केला: 'उगवल्या नाहीत.'

पट्टा लावते तोवर उत्तर आलं.

'उभ्याने बघितलंस की बसून?'

मग खोटं लिहायला बोट उचललं, आणि खाली ठेवलं.

"शूज घाला रे," मी मुलांना म्हटलं.